आपण कुठी डुक्कर खातो?

हे वाक्य माझ्या सासूबाईंचं. त्या वर्ध्याच्या. २००९च्या पावसाळ्यात पुण्यात स्वाइन फ्लू आला, मला ताप भरला, सातवा महिना चालू होता, आणि तपासणीला जावं की नाही यावर घरात खल चालला होता. तेव्हा स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "तिले कायले होते तो ताप? आपण कुठी डुक्कर खातो?"

आम्हाला ते पटलं. मी इंजिनिअर, नवरा अमित इंजिनिअर, घरात दोन कॉम्प्युटर आणि इंटरनेट, तरी पटलं. रोगाच्या नावातच डुक्कर होतं. आमच्या ताटात ते नव्हतं, म्हणजे आम्ही सुटलो असा साधा हिशेब. त्या दिवसांत शहरात पुष्कळ घरांत हेच वाक्य बोललं गेलं असणार.

आज हे लिहायला कारण झालं. ओळखीतल्या एका मुलीची आई सध्या व्हेंटिलेटरवर आहे. तिनं फोनवर विचारलं, "ताई, आत पडलेल्या माणसाला नक्की काय वाटत असतं?" मला धड सांगता आलं नाही. बोलताना मी रडायला लागते आणि मग समोरचा माणूसच माझी समजूत घालत बसतो. म्हणून लिहिते आहे.

ताप

तेव्हा मी खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. आमचा क्लायंट परदेशातला होता आणि त्याचा धंदा डुकरं पाळण्याचा. लांबलचक बंद शेड, एकेका शेडमध्ये हजारो जनावरं, आणि पंखे, पाणी, खाद्य सगळं कॉम्प्युटरवर. तो कॉम्प्युटर नीट चालतो का हे मी खराडीत बसून तपासायची. आमच्या स्क्रीनवर डुक्कर हा शब्द कुठंच नव्हता, 'युनिट' होतं. युनिट मेलं की त्याला 'लॉस' म्हणत. लॉस ठरलेल्या मर्यादेच्या आत असला की चौकोन हिरवा राहायचा आणि आम्ही चहाला जायचो.

माझ्याकडे त्यातला 'लगून' नावाचा भाग होता. लगून म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर निळं पाणी आणि काठावर नारळाची झाडं यायची. पाण्याची पातळी, पाऊस किती झाला, लगून भरत आलं तर धोक्याची सूचना, असे रकाने होते. मला वाटायचं, जनावरांना प्यायला तळं राखलं असेल, किती चांगली माणसं आहेत. टीममध्ये कुणी सुट्टी मागितली की आमचा टीम लीड निखिल म्हणायचा, "चला, सगळे लगूनला ट्रिपला जाऊ." मी तर डेस्कटॉपवर तसलं एक चित्रही लावलं होतं.

ताप साधाच होता, अंगदुखी आणि खोकला. शाळा बंद झाल्या होत्या, रस्त्यावर लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते आणि निम्मं पुणं कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगत होतं. आमच्याही घरी ती आली. तपासणीच्या रांगेत एकदा जाऊन आलोच. तिथं विचारलं, "परदेशातून आलात का?" नाही. "आलेल्या कुणाला भेटलात का?" नाही. डुकरांशी संबंध आहे का हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी नाहीच म्हणाले असते. साध्या तापाच्या गोळ्या घेऊन घरी आलो.

दोन दिवसांनी मला एक अख्खं वाक्य एका दमात बोलता येईना. सासूबाईंना "आई, पाणी द्या" म्हणताना मी मधे थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि अमितला म्हणाल्या, "गाडी काढ."

"आपण आज घरी जात नाही आहात"

डॉ. अभ्यंकर हे अस्सल पुणेरी गृहस्थ. कमी बोलायचे आणि जे बोलायचे त्यात साखर नसायची. छाती तपासली, बोटाला चिमटा लावून आकडा बघितला आणि म्हणाले, "आपण आज घरी जात नाही आहात."

मी म्हटलं, "मी कपडे नाही आणलेत."

"आमच्याकडे आहेत. दिसायला वाईट आहेत, पण आहेत."

स्वाइन फ्लूचा रिपोर्ट नंतर आला. अमितनं तो काचेच्या दारातून दाखवला, कारण तोवर त्याला आत यायला बंदी झाली होती. त्यानं नुसती मान हलवली आणि मला कळलं. पहिला विचार मरणाचा आला नाही. पोटात बाळानं लाथ मारली, आणि मनात आलं, हिला कळलं असेल का? ती मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं, तरी मनात 'हिला'च आलं. मग मात्र भीती आली.

आत पडलेल्या माणसाला काय वाटतं, तर आधी लाज वाटते. आपल्यामुळे सगळे तोंड झाकून फिरत आहेत असं वाटतं. चेहरे दिसत नाहीत, फक्त डोळे दिसतात, आणि थोड्या दिवसांत डोळ्यांवरून माणसं ओळखता येऊ लागतात. कोण थकलंय, कोण घाबरलंय, कोण आत्ताच जेवून आलंय हेसुद्धा कळतं. दुसरं म्हणजे दिवसाला काही आकार राहत नाही. गोळ्या, फरशी पुसणं, डबा, सुई, पुन्हा फरशी. मी फिनेलच्या वासाची वाट बघायची, कारण तो आला की सकाळ झालेली असायची.

सासूबाई रोज पेज पाठवायच्या, वर जिऱ्याची फोडणी घालून. मला चव कळत नव्हती. तरी झाकण उघडलं की वाफ तोंडावर यायची, तेवढं पुरायचं. आमच्या सोसायटीनं तोवर जिन्यापाशी पाटी लावली होती, "फ्लूच्या रुग्णांच्या नातेवाइकांनी लिफ्ट वापरू नये. जिना आरोग्यास उत्तम." सासूबाईंचे गुडघे तेव्हाच गेलेले. त्या चार मजले चढायच्या, उतरायच्या, आणि हे मला पुढं कितीतरी दिवस कुणी सांगितलं नाही.

सही

आता जे लिहिते ते मी पाहिलेलं नाही. अमितनं मला ते वर्षभरानं सांगितलं.

माझा श्वास आणखी घसरला आणि मी ग्लानीत गेले. डॉक्टरांनी अमितला आणि सासूबाईंना बोलावलं. "यांना मशीनवर घ्यावं लागेल. त्याआधी बाळ बाहेर काढलं तर यांच्या फुप्फुसांना जागा मिळेल. बाळ लहान आहे. दोघंही राहतील असं मी सांगू शकत नाही. सांगितलं तर खोटं होईल."

अमितनं विचारलं, "थोडं थांबलो तर? बाळ जरा मोठं होईल."

"बाळ होईल. या किती थांबतील ते मला माहीत नाही."

 नवस-सायास आमच्या घरात नाहीत, पण बाळाची वाट आम्ही फार वर्षं बघितली होती. अमित पेन धरून बसून राहिला. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सही कर. लेकरू मंग होईन. पोरगी पुन्हा नाई भेटत."

तो चिडला. "तुझंच नातवंड आहे ते, आई."

"मालूम हाय मले. सही कर."

त्यानं सही केली आणि मग दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. एकाच बाकावर दोन टोकांना बसायचे. चहा आणला तर तो मधे ठेवायचे. अमित म्हणतो, त्याला आईचा राग आला नव्हता, आपल्याला जे बोलायचं होतं ते तिनं आधी बोलून टाकलं याचा आला होता.

माझ्या सासूबाईंशी माझं सगळं गोडच होतं असं नाही. भाजीत तेल किती, उशिरा येणं, सुट्टीच्या दिवशी किती वाजता उठायचं, यावर आमच्या ठिणग्या उडायच्या. पण त्या बाकावर त्यांनी मला निवडलं. मी त्यांना हे कधी बोलून दाखवलं नाही, कारण त्यांनी "काय बापा" म्हणून उडवून लावलं असतं. म्हणून इथं लिहिते. आई, मी तुमच्यामुळे आहे.

मम्मी

शुद्धीवर आले तेव्हा तोंडात नळी होती आणि हात कॉटच्या कडेला मऊ पट्ट्यांनी बांधले होते. नळी ओढू नये म्हणून बांधतात. तुमच्या माणसाचे हात असे बांधलेले दिसले तर घाबरू नका, त्याला शिक्षा केलेली नाही.

बोलता येत नव्हतं. पोटाला हात लावता येत नव्हता. पण पोट हलकं झालंय हे न बघताही समजतं. आत कुणी हलत नव्हतं. मला वाटलं, गेलं. मी ओरडले असेन, पण नळीतून आवाज येत नाही, नुसती मशीन किंचाळते. एक सिस्टर धावत आली. केरळची होती, नाव लिसी. माझ्या कपाळावर हातमोज्याचा हात ठेवून म्हणाली, "मम्मी, ट्यूब चावू नका. मम्मी, हळू श्वास."

तोवर त्या खोलीत मी म्हणजे 'बेड नंबर चार' होते. ही मला मम्मी म्हणत होती. मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. तिला बहुतेक उमगलं की मला काहीच माहीत नाही. ती खाली वाकली. "मुलगी चांगला आहे. छोटा आहे, काचेच्या पेटीत आहे. पण चांगला आहे."

तिच्या मराठीमुळे मुलगा की मुलगी हे मला दोन दिवस नक्की कळलं नाही. त्यानं काही फरकही पडला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं आणि ती ते कापसानं टिपत होती. नळी असलेल्या माणसाच्या कानात पाणी साचतं, ते त्याला पुसता येत नाही. तिला ते न सांगता समजायचं. त्या वॉर्डात मला मिळालेल्या चांगल्या गोष्टींत ही अगदी वर आहे.

डॉक्टरांची मिसळ

नळी निघाली, आवाज परत आला, घोगरा का होईना. एके सकाळी राउंडला आलेल्या डॉ. अभ्यंकरांना मी विचारलं, "आम्ही डुक्कर खात नाही. मग मला हा आजार कसा झाला?"

"खाऊन होतच नाही," ते म्हणाले. "कुणीतरी आपल्याजवळ शिंकलं. त्याच्याजवळ आधी कुणीतरी शिंकलं होतं. पहिला जो कुणी असेल, त्याच्या आधी एक डुक्कर होतं. त्याला नावं ठेवू नका, त्याला कुणी विचारलं नव्हतं."

ते सहसा बसत नसत, त्या दिवशी स्टूल ओढून बसले. डुकराला स्वतःचा फ्लू होतो, पक्ष्यांचा होतो आणि माणसाचाही होतो, हे त्यांनी सांगितलं. तिन्ही एका जनावरात एकदम शिरले की त्यांची मिसळ होते आणि तिची चव आधी कुणी घेतलेली नसते. "आता चार डुकरं असली तर ती मिसळ तिथंच संपते. चौघं आजारी पडतात, बरी होतात. पण एका छपराखाली हजारो असली, एका जातीची, एका वयाची, अंगाला अंग लावून उभी, तर विषाणूला रोज नवं घर मिळतं. प्रत्येक घरात तो थोडा बदलतो. मग एक दिवस बदलून असा होतो की शेड झाडणाऱ्या माणसाला चालतो. तो माणूस घरी जातो. कुणीतरी विमानात बसतं."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी अशाच शेडचं सॉफ्टवेअर तपासते."

 ते उठता उठता म्हणाले, "आपला विषाणू कुठल्या शेडमधून निघाला हे कुणालाही सांगता येणार नाही. तेव्हा उगाच त्यांच्यावर किंवा स्वतःवर घेऊ नका. पण बऱ्या झालात की एकदा बघा, आपण नक्की काय तपासत होतात."

मी स्वतःवर घेतलं नाही. खरं सांगायचं तर मला रागच आला. माझ्या स्क्रीनवर इतके महिने सगळे चौकोन हिरवे होते.

लगून

मला घरी सोडलं, मुलगी मात्र अजून पेटीतच होती. त्या दिवसांत निखिल भेटायला आला. तो नुकताच क्लायंटकडे जाऊन आला होता. दारातून आत येताना अवघडला होता, मास्क वर-खाली करत होता. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "प्रज्ञा, लगून बघितलं."

"कसं आहे? नारळ आहेत का?"

"अगं, तळं नाहीये ते. मुताचं आहे. म्हणजे शेणमूत सगळं. शेडच्या खालून वाहत येतं आणि उघड्यावर साठवतात. सारसबागेचं तळं असतं ना, तेवढं. आणि रंग माहितीये? गुलाबी. मला दोन दिवस जेवण गेलं नाही."

सासूबाई आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "एवढं शेण कायले साठवते? वावरात कायले नाई टाकत?"

"काकू, एवढ्या शेणाला पुरेल एवढं वावरच नाही तिथं. खायला सोया आणि मका कुठून कुठून ट्रकनं येतो, जंगलं तोडून पेरलेला. शेण मात्र तिथंच राहतं."

गावाकडे सासूबाईंच्या वडिलांच्या दोन म्हशी होत्या. शेण उकिरड्यात, उकिरडा शेतात, शेतातला कडबा म्हशींना. सासूबाईंना निखिलचं बोलणं कळलं, पण पटलं नाही. त्या कप ठेवून निघून गेल्या.

मला एक रकाना आठवला. लगूनमधून वर जाणाऱ्या गॅसचा. हवा तापवणारा गॅस असतो तो. तो रकाना भरणं ऐच्छिक होतं. रिकामा सोडला तरी पुढचं पान उघडायचं, आणि ते उघडतं की नाही हेच तर मी तपासत होते. मी निखिलला म्हटलं, "तो रकाना सक्तीचा करायला सांग ना त्यांना."

त्यानं खरंच सांगितलं. उत्तर फार नम्र आलं. सूचना उत्तम आहे, पुढच्या टप्प्यात विचार करू. तो पुढचा टप्पा मला अजून कुणी दाखवलेला नाही.

मी काही महिन्यांनी कामावर रुजू झाले, तेव्हा दुसरा प्रोजेक्ट मागून घेतला. क्रांती वगैरे केली नाही. आमच्या घरी आजही अधूनमधून कोंबडी शिजते, मात्र पूर्वीपेक्षा कमी, आणि कोपऱ्यावरच्या ब्रॉयलरच्या दुकानात जाणं आम्ही बंद केलं आहे. सोलापूर रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना कोंबड्यांच्या लांब शेड दिसतात, त्यांच्यातून जाताना मी त्या मोजत बसते. मुलगी आता अकरावीला आहे. लवकर जन्मल्यामुळे तिची छाती नाजूक आहे. मार्च संपत आला आणि ऊन चढलं की तिच्या दप्तरात श्वासाचा पंप असतो. पुण्यातला उन्हाळा माझ्या लहानपणी असा नव्हता हे मी तिला सांगते, तेव्हा ती विचारते, "मग झालं काय?" आणि मी तिला लगूनपासून सुरुवात करून सांगते. ती ऐकते, मग म्हणते, "आई, यू आर सो ड्रामॅटिक." पण ऐकते.

तुमचं माणूस आत असेल तर एवढंच सांगेन. त्याच्याशी बोला. उत्तर येत नसलं तरी बोला, आणि त्याला नावानं हाक मारा. नर्सला तिचं नाव विचारा. बाकावर दोघं असाल तर चहा मधे ठेवू नका, हातात द्या.

घरी

ज्या दिवसासाठी खरं तर लिहायला बसले तो शेवटी राहिला.

मुलीला घरी आणलं तेव्हा ती अडीच महिन्यांची होती आणि दिसायला महिन्याची. तोवर तिनं मला कायम मास्कमध्ये पाहिलं होतं. पेटीच्या काचेतून, मग मांडीवर, पण मास्कमध्येच. तिचं रडणंही ऐकू येईल न येईल असं, मांजराच्या पिलासारखं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता घरी मास्क काढायला हरकत नाही. दुपारची वेळ होती. मी तिला मांडीवर घेतलं आणि मास्क काढला.

तिनं डोळे उघडले. माझ्या नाकाकडे, तोंडाकडे बघत राहिली. ही बाई कोण, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मग ओठ काढले आणि रडायला लागली. घाबरून, लालबुंद होऊन, हातपाय झाडत, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं. असा आवाज तिच्यात आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

सासूबाई हात पुसत धावत आल्या. "कायले रडवून राह्यली तू लेकराले?"

मी म्हटलं, "रडू द्या, आई. जरा रडू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि खाली माझ्या शेजारी बसल्या.  ती दम संपेपर्यंत रडायची, थांबायची, छाती भरून श्वास घ्यायची, आणि पुन्हा रडायची.